दोघांची सही

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या मध्य प्रदेशात एक गोष्ट घडली. जैन समाजातल्या प्रत्येक बाईने ती नीट समजून घ्यायला हवी होती. पण मंदिरात, भिशीत, स्वाध्यायाच्या गटात, कुठंच तिच्याबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. विषयच असा, की नाव काढलं तरी लोक दुसरीकडे बघतात.

झालं असं, की इंदूरच्या एका जैन नवरा-बायकोने परस्पर संमतीने घटस्फोट मागितला होता. एकच अर्ज, खाली दोघांच्या सह्या. कुटुंब न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. कारण काय दिलं, तर जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैनांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे, जैन धर्म हिंदू धर्माहून वेगळा आहे, तेव्हा जैनांना हिंदू विवाह कायद्याचा आधार घेता येणार नाही.

मैत्रिणींनो, याचा अर्थ लक्षात घ्या. जैनांचा असा वेगळा विवाह कायदा अस्तित्वातच नाही. मग हिंदू विवाह कायद्याचं दार बंद झालं, तर आपल्या लेकींनी जायचं कुठं? अल्पसंख्याक म्हणून मिळालेला मान हातात ठेवायचा आणि सत्तर वर्षांपूर्वी मिळालेला हक्क गमवायचा, असा हा सौदा झाला असता. सुदैवाने तसं झालं नाही. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तो आदेश रद्द केला. ते काय म्हणाले, ते शेवटी सांगते. त्याआधी, हा हक्क आपल्याला मिळाला कसा, ते बघू. कारण जी वस्तू कशी मिळाली हे माहीत नसतं, ती हातातून सुटताना कळतही नाही.

"आपल्यात असलं काही नसतं." घटस्फोटाचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येतंच. "आपल्यात" म्हणजे कुणात, हे कुणी विचारत नाही. आपली मराठी भाषा मात्र वेगळं सांगते. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी: तीन-तीन शब्द आहेत आपल्याकडे, 'घटस्फोट' हा पुस्तकी शब्द सोडून. ज्या समाजात एखादी गोष्ट नसतेच, तिथं तिला तीन नावं कशी पडतील?

काडीमोड म्हणजे अक्षरशः काडी मोडणं. चार पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की संबंध तुटला. फारकत हा शब्द फारसीतून आला. मुळात तो व्यवहारातला शब्द. देणं फिटलं, आता एकमेकांकडे काही मागणं नाही, असं लिहून द्यायचं, ती फारखती. आपल्या घरांत पूर्वी लाल कापडाच्या वह्या असायच्या, त्यांत असल्या फारखतीच्या नोंदी असत. आजोबा-पणजोबांनी पेढी चालवलेली असेल, त्यांना हा शब्द नवा वाटणार नाही. कर्जातून मोकळं करणारा तोच कागद लग्नातूनही मोकळं करत असे.

शेतकरी, कारागीर, कष्टकरी अशा कितीतरी जातींत हे सर्रास चालत होतं. फारकत झालेली किंवा विधवा बाई दुसरं लग्न करत असे. त्याला पाट किंवा मोहोतूर म्हणत. मराठेशाहीत या पाटावर सरकार कर घेत असे, त्याचं नाव पाटदाम. सरकार ज्यावर कर बसवतं, ती गोष्ट काही चोरून-लपून चाललेली नसते.

पण हे सगळं ऐकून 'जुन्या काळी बाई किती मोकळी होती' असं म्हणायची घाई करू नका. फारकतीचा कागद लिहून द्यायचा कुणी? नवऱ्याने. तो कागद हातात असल्याशिवाय बाईला पाट लावता येत नसे. तिला किंवा तिच्या माहेरच्यांना, नाहीतर तिच्याशी पाट लावणाऱ्याला, पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च भरून द्यावा लागे. पंचात बसायचे ते पुरुष. म्हणजे वाट होती, पण वाटेच्या तोंडावर जकात नाका होता, आणि नाक्यावर बाईचं माणूस कुणी नव्हतं.

आणि ज्यांना आपण 'वरचे' म्हणतो त्या जातींत, तसंच आपल्यासारख्या व्यापारी घरांत, ही वाटदेखील नव्हती. लग्न म्हणजे जन्माचं. हा नियम बाईपुरताच बरं का. पुरुषाला दुसरी बायको करायला १९५५ पर्यंत बहुतेक ठिकाणी कायद्याची आडकाठी नव्हती. आपल्याकडे आणखी एक वाट होती, दीक्षेची. नेमिनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वरात दारात आलेली, बांधून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते मागे फिरले आणि गिरनारला गेले. राजुलमतीनेही पुढे तीच वाट धरली. त्या कथेचं मोठेपण मला मान्यच आहे. पण विचार करा, संसार जमला नाही म्हणून जिने बाजूला व्हायचं ठरवलं, वैराग्य आलं म्हणून नव्हे, अशा साध्या बाईची एकही कथा आपल्याला कुणी सांगितली नाही.

आपल्या भोपाळचंच एक उदाहरण बघा. नवाब सिकंदर बेगम यांचं लग्न १८३५ साली जहांगीर मोहम्मद खान यांच्याशी झालं. राज्य कुणाच्या हातात असावं यावरून घरात तेढ होती. ती इतकी टोकाला गेली, की दिवस गेलेले असताना नवऱ्याने त्यांच्यावर तलवारीने वार केला. त्यातून त्या वाचल्या आणि आई कुदसिया बेगम यांच्यासह इस्लामनगरच्या किल्ल्यात राहायला गेल्या. त्यांची मुलगी शाहजहाँ १८३८ साली तिथेच जन्मली. नवरा १८४४ साली वारला, पण त्या पुन्हा त्याच्या घरी नांदायला गेल्या नाहीत. बेगमेला वेगळं राहता आलं, कारण जायला किल्ला होता, पाठीशी आई होती आणि हाताशी पैसा होता. ज्या बाईकडे यातलं काहीच नाही, तिला कागद लागतो. कायद्याची गरज असते ती तिलाच.

असा कागद नसला की काय होतं, ते रखमाबाईंनी दाखवलं. मुंबईच्या रखमाबाई, जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागलं, पण त्या नांदायला कधी गेल्याच नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ साली दादाजीने 'बायकोचा ताबा' मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. मोठी बाई इच्छेविरुद्ध कुणाच्या घरी पाठवायची हे त्यांना पटेना. त्यावर अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करेन.

यातली एक गंमत बघा. रखमाबाईंच्या जातीत पाटाची चाल होती. त्यांच्या आईनेच विधवा झाल्यावर दुसरं लग्न केलं होतं. तरी इंग्रजांच्या न्यायालयात लेकीची सुटका होईना. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकमाचा हट्ट सोडला. म्हणजे फिरून गोष्ट फारखतीवरच आली, देण्याघेण्यावर. लग्न मोडलं की नाही, हे न्यायालयाने सांगितलंच नाही. दादाजीने पुढे दुसरं लग्न केलं. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत अनेक वर्षं राबल्या, लग्न मात्र त्यांनी केलं नाही. कुणी त्यांना त्यांची इच्छा विचारून कागदावर लिहून दिली, असं काही घडलं नाही.

पुढचं पाऊल संस्थानांनी टाकलं, आणि ती संस्थानं आपल्या मराठी राजांची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीचा कायदा केला. जी गोष्ट जातपंचायतीच्या हातात होती, ती सरकारी दफ्तरात आली. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला. मग मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी घातली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला.

सगळ्या देशासाठी असा कायदा व्हावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी केवढी झुंज दिली, ते आपण शाळेत एका ओळीत शिकलो. घटस्फोटाचं कलम हे विरोधाचं एक मोठं कारण होतं. आपली संस्कृती बुडेल, असं म्हटलं गेलं. बाबासाहेबांनी दाखवून दिलं, की बहुसंख्य हिंदू ज्या जातींत मोडतात, त्यांच्यात रूढीने घटस्फोट आधीपासून आहेच. नाही तो मूठभर लोकांत, आणि तेच सगळ्यांच्या वतीने बोलत आहेत. बिल अडलं. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक मुख्य कारण होतं. बिलाचे पुढे तुकडे झाले, आणि त्यातला एक तुकडा म्हणजे १९५५ चा हिंदू विवाह कायदा. तो मे महिन्यात लागू झाला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारल्या, एक्क्याण्णवाव्या वर्षी. सहा-सात दशकं उशिरा का होईना, तो कायदा झालेला त्यांच्या हयातीत होता.

या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिलं आहे, की हा कायदा धर्माने बौद्ध, जैन किंवा शीख असलेल्यांनाही लागू आहे. आपलं नाव तिथं स्पष्ट आहे. ते आपल्याला हिंदू ठरवण्यासाठी घातलेलं नाही. कायद्याच्या छताखाली आपणही येतो, एवढंच ते सांगतं. आणखी एक कलम आपल्या दृष्टीने महत्त्वाचं: नवरा किंवा बायको संसाराचा त्याग करून एखाद्या संन्यासी संघात गेली, तर मागे राहिलेल्या जोडीदाराला घटस्फोट मागता येतो. दीक्षेच्या वरघोड्याला आपण हजारोंनी जमतो. मागे राहिलेल्या बाईचा विचार निदान कायद्याने केला.

पण १९५५ चा कायदा कडक होता. लग्नाला तीन वर्षं होईपर्यंत सहसा अर्जच करता येत नसे. आणि कुणाचा तरी दोष दाखवावा लागे. व्यभिचार, वेड, कुष्ठरोग, गुप्तरोग, सात वर्षं बेपत्ता असणं. छळ होतो किंवा नवऱ्याने टाकलं, एवढ्यावर थेट घटस्फोट मिळत नव्हता. त्यावर आधी न्यायालयीन विभक्तता घ्यायची आणि मग थांबायचं. बरं, ज्यांच्यात दोष कुणाचाच नाही, फक्त जमलं नाही, त्यांनी काय करायचं? एकाने दुसऱ्यावर खोटा आरोप करायचा, दुसऱ्याने गप्प बसायचं. सत्य आणि अहिंसा मानणाऱ्यांनी भर कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलायचं! नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांसाठी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात परस्पर संमतीची सोय पहिल्यापासून होती. मुसलमानांमध्ये तर 'मुबारात' म्हणून दोघांच्या राजीने वेगळं होण्याची पद्धत शतकानुशतकं आहे. भोपाळच्या जुन्या शहरातल्या शेजारणींना हा शब्द ठाऊक असतो. सप्तपदी चालून लग्न केलेल्यांना मात्र ही वाट १९७६ साली मिळाली.

त्या वर्षीच्या दुरुस्तीने 'कलम १३ ब' आलं. त्यात म्हटलं आहे ते इतकं साधं: दोघं निदान एक वर्ष वेगळे राहत आहेत, एकत्र राहणं जमलेलं नाही, आणि लग्न संपवावं यावर दोघांचं एकमत आहे. दोघांनी मिळून अर्ज करायचा. मग सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन सांगायचं, की आमचं मत तेच आहे. दोष कुणाचा, हा प्रश्नच नाही. त्याच दुरुस्तीने न्यायाधीशांवर आणखी एक जबाबदारी टाकली: ही संमती जबरदस्तीने, फसवून किंवा दडपणाखाली घेतलेली नाही, याची खात्री करून घ्यायची. पारशांना अशी सोय १९८८ साली आणि ख्रिस्ती लोकांना २००१ साली मिळाली.

सगळ्या इतिहासात पहिल्यांदाच नवऱ्याच्या सहीइतकीच किंमत बायकोच्या सहीला आली. दोघांच्या सह्यांशिवाय कागद पुढे सरकत नाही. माझ्या मते खरा बदल हाच. लग्न मोडणं नवं नाही, काडी तर आपण केव्हापासून मोडत होतो.

पण सही घेणं आणि संमती असणं यांत फरक आहे, हे आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको. हिमाचलमधल्या हमीरपूरची एक बाई होती. लग्न १९६८ चं. जानेवारी १९८५ मध्ये संमतीचा अर्ज झाला, जबाबही झाले. आठवडाभरातच तिने न्यायालयाला लिहून दिलं, की माझ्यावर दडपण होतं, मला माझ्या माणसांशी बोलूही दिलं नाही, मला घटस्फोट नको. जिल्हा न्यायालयाने तिचं ऐकलं, उच्च न्यायालयाने ऐकलं नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९१ मध्ये निकाल लागला: संमती शेवटच्या हुकमापर्यंत टिकली पाहिजे, तोवर कुणीही एकटं ती मागे घेऊ शकतं. ते मधले सहा महिने काहींना जाचक वाटतात. पण तिच्यासारखीला तेच उपयोगी पडतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोघं निदान दीड वर्ष वेगळे असतील, पोटगी आणि मुलांचा प्रश्न मिटला असेल, समेट होणं शक्य नसेल, तर न्यायाधीश ही मुदत माफ करू शकतात. हेही योग्यच.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या समाजात 'सामोपचाराने' हा शब्द फार गोड वाटतो. पण कित्येकदा त्याचा अर्थ असा असतो, की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बैठकीत बसतात, मुलगी आतल्या खोलीत असते, आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर 'आमचा काही संबंध राहिला नाही' असं लिहून तिच्यापुढे ठेवलं जातं. 'समाजात बोभाटा नको', 'धाकटीचं लग्न व्हायचंय', 'दागिन्यांचं नंतर बघू'. बायांनो, तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. नोटरीचा शिक्का मारला तरी नव्हे. ज्या जातींत काडीमोडीची जुनी रूढी सिद्ध करता येते, त्यांची रूढी १९५५ च्या कायद्याने राखली आहे. आपल्या व्यापारी घरांत ती रूढी कुठून दाखवणार? तसल्या कागदावर दुसरं लग्न केलं, तर ते लग्न कायद्याने टिकत नाही. मराठीत 'टाकलेली' आणि इथल्या हिंदीत 'छोड़ी हुई' म्हणतात, ती बाई अशाच अर्धवट कागदांतून तयार होते: धड लग्नातही नाही, धड मोकळीही नाही. संगमनेरच्या अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी या बायकांसाठी वर्षानुवर्षं काम केलं आणि 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तकही लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

म्हणून सामोपचाराने वेगळं व्हायचंच ठरलं, तर ते कुटुंब न्यायालयातच व्हायला हवं. तिथं समुपदेशक असतात, त्यांच्याशी मुलीने एकटीने बोलावं, आई-वडिलांना बाहेर बसवून. आमच्याकडे कागद हिंदीत असतात. 'आपसी सहमति' या दोन शब्दांवर थांबू नये, खालचं सगळं वाचावं. स्त्रीधन हे तिचंच आहे, ते सासरी राहिलं म्हणून सासरचं होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलं आहे. त्याची यादी कागदात आली पाहिजे. पोटगी किती, एकरकमी की महिन्याची, कोणत्या तारखेला, हे आकड्यात लिहिलेलं असावं. 'मला काही नको' असं रागाच्या भरात लिहून देऊ नये. मुलं कुणाकडे, भेटायचं कधी, शिक्षणाचा खर्च कोण करणार, हेही त्यात असावं. मुलांच्या पोषणाचा हक्क आईने सही केली म्हणून संपत नाही.

तर त्या इंदूरच्या निकालाचं राहिलं. उच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्याच्या दुसऱ्या कलमात जैनांचं नाव स्पष्ट आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या अधिसूचनेने त्या कलमात काहीही बदल केलेला नाही. कुटुंब न्यायालयाला शंका होती, तर त्याने ती उच्च न्यायालयाकडे विचारायला हवी होती. आणि अर्जाचा विचार पुन्हा करा, म्हणून प्रकरण परत पाठवलं. आपला धर्म वेगळा आहे याचा अभिमान मलाही आहे. पण त्या वेगळेपणाची किंमत दर वेळी घरातल्या बाईने का मोजावी?

पर्युषणानंतर क्षमावाणीला आपण साऱ्यांना क्षमा मागतो आणि देतो. शेजाऱ्यांना, व्याह्यांना, दुकानातल्या नोकरांना, पत्र पाठवून अनोळखी माणसांनाही. ज्याच्याबरोबर दहा वर्षं संसार केला आणि जमला नाही, त्या माणसाला तेवढीच क्षमा देऊन-घेऊन वेगळं होणं आपल्या धर्माच्या विरुद्ध कसं असेल? वैर न धरता, खोटं न बोलता, देणं चुकतं करून निरोप घेणं, हे तर आपलंच शिक्षण. फक्त त्या कागदावर लेकीची सही असेल, तर ती तिने वाचून, समजून, स्वतःच्या मनाने केलेली असावी. घरातल्या मोठ्यांनी एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.